तांबडीचं पाऊल

बाबा, परवा भाट्याच्या किनाऱ्यावर पाऊल मी सांगितलं. तुमच्यानंतर इतकी वर्षं ते काम तुमचे दोस्त करत होते, आपल्या मांडवीतले खलाशीकाका. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि मागच्या खेपेला म्हणे ते घोडीचं सोडून एका कुत्र्याचंच पाऊल वाखाणत बसले. लोक हसायला लागले, तर काका काय गप्प बसणारे! "हसताव काय मेल्यांनो, कुत्रापण पळेल हो बरा." यंदा शर्यतीच्या मंडळाची माणसं माझ्या दुकानात आली तेव्हा काका काठी टेकत सगळ्यांच्या पुढे होते. मी आमसुलं भरत होते. "बापसाची पोर हाय ती, लहानपणापासून त्याच्या मागून फिरलीय. तीच सांगेल," असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. मी म्हटलं, काका, यंदा माझ्या मुलीची घोडी आहे शर्यतीत, मी कसं सांगू? तर म्हणाले, "मग पाठ कशाला वळवायची असते गो?" मी आमसुलांची पिशवी बांधली आणि हात पुसले.

मंडळाने यंदा मुंबईहून एक माईकवाला आणला होता. त्याला वाटलं, मी घोड्यांची आणि मालकांची नावं वाचून दाखवणार. त्याला सगळं पहिल्यापासून समजावून द्यावं लागलं. ही शर्यत फक्त माद्यांची, तरणी असो की जुनी, घोडा एकही नाही. आदल्या संध्याकाळी ओहोटी लागली की चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो आणि एकेक घोडी ओल्या वाळूवरून चालवत नेतात. पाऊल सांगणारा त्या वेळी समुद्राकडे पाठ करून, सुरूच्या बनाकडे तोंड करून उभा असतो. घोड्या गेल्या की तो वळतो, तेव्हा समोर असतात फक्त पावलांच्या ओळी. कुठली ओळ कोणाची ते त्याला ठाऊक नसतं. त्या बघून त्याने सांगायचं, कोण कशी पळेल, कोणाला कुठे जपायचं. आणि एखादीचा पाय दुखतोय असं त्याने म्हटलं, तर ती दुसऱ्या दिवशी पळत नाही, मग ती कोणाची का असेना. "म्हणजे घोडी बघायचीच नाही?" माईकवाल्याने विचारलं. मी तुमचंच वाक्य त्याच्यापुढे टाकलं: तोंड बघितलं की माणूस लोभावतो, पाऊल बघितलं की शहाणा होतो. त्याने ते लगेच मोबाईलमध्ये टिपून घेतलं. आता कुठल्यातरी लग्नात नवरा-नवरीसमोर वापरेल मेला.

तुमच्या नातीबद्दल सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती. मुंबईत चांगल्या नोकरीला होती. गेल्या वर्षी ती नोकरी सोडून आली आणि गणपतीपुळ्याहून एक तांबडी घोडी घेऊन दारात उभी राहिली. टांगे बंद झाले तेव्हा तुम्ही तुमच्या तांबडीचं शिंगरू तिकडच्या दोस्ताला देऊन टाकलंत ना, त्याच्याच वंशातली. तुमच्या तांबडीची नात असेल नाहीतर पणती, पण उजवा पाय अगदी तसाच, किंचित बाहेर टाकते. मी काय केलं असेल? माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. नवरा बोटीवर, सासूबाई अंथरुणाला, दुकान मी एकटी ओढतेय. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, ते आमच्याकडे खरोखरचं चार पायांचं आलं. "लोक पुढे जातात, तू टांग्याच्या जमान्यात निघालीस," असं म्हटलं मी तिला. आळीतली माणसंही हसायची, एवढी शिकलेली मुलगी लीद काढते म्हणून. म्हणूनच तिने शर्यत मनावर घेतली. एकदा भाट्याला पळून दाखवलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील, माझ्यासकट, असा तिचा हिशेब. मला सरळ म्हणाली, "आई, तुला घोडी नकोच आहे, मला माहितेय. निदान त्या दिवशी आडवी येऊ नकोस." आणि मंडळाने नेमकं मलाच पाऊल सांगायला उभं केलं. मला ते नकोच होतं, बाबा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

तर परवा संध्याकाळी मी सुरूच्या बनाकडे तोंड करून उभी आहे. मागून ओल्या वाळूत पाय पडल्याचे आवाज येतायत, थप थप, मधेच एखादी फुरफुरते, आणि आरती चालू असताना मागे कोण आलं ते बघावंसं वाटतं तशी मान वळवावीशी वाटते. काका शेजारी खुर्ची टाकून बसलेत, मला दटावतायत, "वळू नको गो, वळू नको." मग शिट्टी झाली आणि मी वळले. वाळू अजून ओलसर चमकत होती. मी चप्पल काढली, तुम्ही काढायचात तशी, आणि पहिल्या ओळीशेजारून चालायला लागले.

पहिलीची पावलं आखूड आणि सारखी. सगळी एका मापाची, जशी काही फूटपट्टी लावून टाकलेली. मी माईकवर म्हटलं, ही किनाऱ्यावर पर्यटकांची मुलं पाठीवर घेऊन फिरणारी आहे, दमणार नाही, पण मधे कोणी फोटो काढायला लागलं तर थांबेल. लोक हसले. दुसरीची पुढची पावलं खोल रुतलेली, मागची वरवर. हिचे लाड जास्त झालेत, म्हटलं, रात्रीचा हरभरा कमी करा. गर्दीतून तिचा मालकच ओरडला, "हिला दोनच चमचे दिले हो, बाकीचा मीच खाल्ला!" तिसरी नवखी, तिची ओळ सरळ नव्हतीच. जिथे जिथे फेस वर आला होता तिथे तिथे ती जमिनीकडे सरकलेली. ही पाण्याला भिते, हिला समुद्राच्या बाजूला उभी करू नका, मग बघा. एव्हाना माझी भीड चेपली होती. मला वाटलं, जमतंय की! तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसला असतात.

चौथ्या ओळीजवळ मी थांबले. तीन पायांचे ठसे नीट, भरीव. पुढच्या डाव्याचं मात्र टोक वाळूत रुतलेलं आणि टाच टेकलेलीच नाही. पुढच्या पावलाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. मी ओळीच्या शेवटापर्यंत गेले आणि परत आले, मधे कुठे एकदा तरी टाच उमटलीय का बघत. माईकवाला कुजबुजला, "ताई, बोला काहीतरी, लोक थांबलेत." तेवढ्यात एक चुकार लाट वरपर्यंत आली आणि सुरुवातीची काही पावलं पुसून गेली. अजून थोडी रेंगाळले असते तर आणखी एखादी आली असती, आणि मग दिसलं नाही म्हणायला मोकळी होते मी. काका खुर्चीतून म्हणाले, "काय दिसताय ता सांग." मी सांगितलं. चौथीचा डावा पुढचा पाय दुखतोय, ती टाच टेकत नाहीये, उद्या तिला पळवू नका. एवढं बोलले आणि पाचवीकडे गेले. पाचवीचं मागचं पाऊल पुढच्याच्याही पुढे पडत होतं, लांब, मोकळं. हिच्यावर लक्ष ठेवा, म्हटलं. मग चिठ्ठ्या उघडल्या. पाचवी हर्णेची काळी निघाली. आणि चौथी आपली तांबडी. मुलगी लगाम हातात धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, घोडीला घेऊन घरी जायला पुलाकडे चालायला लागली.

मला त्या वेळी आपलं मागीलदार आठवलं. मी शाळेत होते आणि तुम्ही मला कबूल केलं होतंत की यंदा तांबडीवर तूच बसायचंस. आईने माझ्यासाठी भावाची जुनी विजार लहान करून दिली होती. आणि आदल्या संध्याकाळी तुम्ही, माझ्या सख्ख्या बापाने, शंभर माणसांपुढे सांगितलंत की दुसऱ्या ओळीतली घोडी मागचा पाय चोरतेय, तिला उभी ठेवा. मी घरी येऊन मागीलदारी बसले ती उठेचना. आई बांगडे तळत होती आणि तळता तळता तुम्हाला बोलत होती, "स्वतःच्या घोडीला चारचौघांत असं कोण पाडतं हो? पोरीचं तोंड बघा जरा." तुम्ही तांबडीचा पाय मिठाच्या गरम पाण्याने शेकत होतात. शेकून झाल्यावर तुम्ही माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसलात, हात अजून ओले होते. म्हणालात, "वळखलंच नाय गो मी. आवशीचा घो, आपली हाय ती मला काय म्हाईत!" तुमचा चेहरा इतका पडला होता की मलाच तुमची दया आली. मी तुमच्या ताटात जेवले. टांग्याची घंटा तुम्ही मला देऊन टाकलीत ती त्याच संध्याकाळी, आणि ती अजून माझ्या दुकानाच्या दाराला आहे.

परवा माझ्या घरी बांगडे नव्हते, पण बाकी तेच. मुलगी घोडीजवळून हलेना. मी चहा घेऊन गेले तर तिने पाठ केली. मग म्हणाली, "समाधान झालं तुझं? वर्षभर हेच हवं होतं ना तुला?" मी चहा तिथेच खाली ठेवला. मी बादलीत गरम पाणी आणलं, मीठ टाकलं, आणि खाली बसून तांबडीचा पाय मांडीवर घेतला. वर्षभरात पहिल्यांदा हात लावला मी तिला. खुराच्या आतल्या बाजूला दाबल्याबरोबर तिने पाय झटकला. मुलगी वाकली. तळव्याला मार बसला होता, आतून काळंनिळं झालेलं. "सड्यावर नेत होतीस काय हिला?" मी विचारलं. किनाऱ्यावर गर्दी असते म्हणून ती रोज पहाटे हिला वर सड्यावर, उघड्या कातळावर पळवत होती. पाय टणक होतील असं वाटलं तिला. सड्यावर घोडी चालवावी, पळवू नये, हे तुम्ही मला सांगितलेलं, पण मी कुठे तिला सांगितलं? घोडीबद्दल मी तिच्याशी धड बोललेच नव्हते कधी. ती रडायला लागली. "उद्या पळवली असती तर पाय गेला असता ना?" म्हणाली. मी म्हटलं, गेला असता नाहीतर नसता, आता पाणी ओत. मग शेकता शेकता, खाली मान घालूनच तिने विचारलं, "आई, खरं सांग. तू तिचं पाऊल ओळखलं होतंस?"

शर्यत काल झाली. घोडामैदान समोरच होतं, लपवायला जागा नाही: माझं पाऊल अर्धंच खरं ठरलं. हर्णेची काळी मागे पडली आणि पाण्याला भिणारी तिसरी, तिला जमिनीच्या बाजूने सोडली होती, सुसाट पुढे गेली. पण पर्यटकांची मुलं फिरवणारी ती पहिली मात्र, देवाशपथ सांगते, एका माणसाने मोबाईल उंच धरला तशी ऐन रंगात थांबली आणि मान वर करून उभी राहिली. सगळा किनारा हसून फुटला. मुलगी माझ्याशेजारी होती, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खलाशीकाका म्हणाले, "बापसागत सांगितलास." आणि मुलीकडे तोंड करून, दिसत नसताना, "तांबडीला जप गो. पुढच्या वर्षी येव दे." लोकांनी तिला जागा करून दिली, दोघातिघांनी घोडीच्या पायाची चौकशी केली, तिने त्यांना सड्याचं समजावून सांगितलं. कोणी हसलं नाही.

आज दुपारी दुकान लोटून हे लिहायला बसले, कारण एक गोष्ट तुम्हालाच विचारता येण्यासारखी आहे. ज्या घोडीच्या खुरातली माती तुम्ही रोज सकाळी स्वतःच्या बोटाने काढायचात, जिचा उजवा पाय बाहेर पडतो हे आंधळ्यालाही कळलं असतं, तिचं पाऊल तुम्ही ओळखलं नव्हतंत? मी तेव्हा ते मानलं. आई गेली तोवर तिनेही मानलं. परवापर्यंत मी कोणालाही शपथेवर सांगितलं असतं की माझा बाप खोटं बोलत नसे.

हा कागद घरात ठेवता येणार नाही. मुलीला आता जुन्या गोष्टींचा नाद लागलाय, तुमच्या टांग्याचं काही सापडतंय का म्हणून कपाटं उपसते. तेव्हा संध्याकाळी तांबडीसाठी पाणी तापवताना हा बंबात जाईल. तिने खाली मान घालून विचारलं होतं ना, मी तिला म्हटलं, "नाय गो, वळखलंच नाय." तिने मान हलवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. पहिल्याच पावलाला ओळखलं होतं मी, बाबा.