पट्ट्याबाहेरचा ठिपका

सोमवार, ४ मार्च

आईच आडवी आली! गुडघेदुखीवरच्या व्यायामाचे सतरा अभ्यास एकत्र केले आणि फॉरेस्ट प्लॉट काढला – एकेका अभ्यासाची आडवी रेघ, एकाखाली एक. सोळा रेघा गुण्यागोविंदाने जवळजवळ. सतरावी पार उजवीकडे, कागदाच्या कडेला – म्हणजे व्यायामाचा फायदा इतरांहून कितीतरी जास्त. ती आईची. फिजिओथेरपिस्ट म्हणून आयुष्य गेलं, त्यातला हा एकुलता एक छापील लेख.

आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत कारण दाखव, नाहीतर वगळ." स्वतःच्या आईवर काट मारायची? जिवावर आलंय.

मंगळवार, ५

गॅलब्रेथ आलेखही काढून पाहिला. मधोमध तिरकी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना पट्टा. ठिपके पट्ट्यात पडले म्हणजे अभ्यासांचं आपसात जुळतं. सोळा आत. आईसाहेब बाहेर, रांग मोडून उभ्या.

जेवताना सांगितलं. वाटलं, भांडेल. उलट म्हणाली, "मग वगळ ना. त्यात काय एवढं?" आणि ताटं उचलायला लागली. माझं जेवण व्हायचं होतं अजून! दुखावली असणार बिचारी.

बुधवार, ६

तिच्या जुन्या नोंदी मागितल्या. "रद्दीत गेल्या." रिकामी बरणी टाकताना जिचा जीव तुटतो, तिच्या नोंदी रद्दीत?

गुरुवार, ७

सापडलं! दुखण्याला शंभरपैकी गुण दिलेले. असे गुण देणाऱ्या बाकीच्या अभ्यासांत माणसामाणसांतला पसारा – प्रमाण विचलन – सोळा-सतराच्या आसपास. आईच्या तक्त्यात २.१. चौसष्ट जणांचे गुडघे काय एका साच्यातून काढले होते? चौसष्टचं वर्गमूळ आठ. आठाने गुणलं – १६.८! पसाऱ्याच्या रकान्यात सरासरीची त्रुटी, म्हणजे पसारा भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ, लिहिली गेलीय. आमच्या संख्याशास्त्राच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक, मीसुद्धा केलीय. फायदा आम्ही पसाऱ्याने भागून मोजतो; पसारा एवढासा दिसला की व्यायामाचा फायदा डोंगराएवढा दिसतो.

मग तळटीप वाचली. आकडेमोड: माझे पती. म्हणजे बाबा! शाळेत गणित शिकवायचे. मला वर्गमूळ त्यांनीच शिकवलं, स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने. त्यांना जाऊन चार वर्षं झाली आणि आज मी त्यांचा पेपर तपासत बसलेय. आधी हसू आलं, मग रडू. फार आठवण आली त्यांची.

शुक्रवार, ८

दुरुस्त आकडा घालून आलेख पुन्हा काढला. ठिपका टुणकन पट्ट्यात! मॅडम खूश. दुरुस्ती मात्र लेखात स्पष्ट लिहायची, कुणाकडून चूक झाली तेही.

धावतपळत घरी आले. "आई, तुला वगळत नाहीये! चूक फक्त बाबांच्या आकडेमोडीत होती." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "हे छापणार?" एवढंच विचारलं आणि आत गेली. चांगली बातमी दिली तर ही तऱ्हा!

शनिवार, ९

सकाळी माझ्यापुढे चहा ठेवून म्हणाली, "छापील अंक हातात आला त्याच आठवड्यात मला कळलं होतं. पण तोवर ह्यांनी तो सगळ्या शाळेला दाखवला होता." मग म्हणाली, "चूक माझी म्हणून लिही. मी अजून आहे उत्तर द्यायला."