तुझ्या नावाची गदा

माझी रेणू,

काल तीर्थपुरीत तुझ्या नावाच्या कुस्त्या झाल्या. तिथलं तुला सांगितल्याशिवाय घास उतरेना, म्हणून लिहायला बसले. तुझे आप्पा शेळ्या घेऊन गेलेत. घरात कुणी न्हाई.

मंडपाच्या तोंडाशी तुझा फोटो होता, लाल कपड्यातला, जिल्ह्यात पहिली आल्तीस तेव्हाचा. खाली लिहिलेलं, कै. रेणुका स्मृती महिला कुस्ती. जो तो म्हणत होता, काय नाव केलं पोरीनं. तू कशानं गेलीस, ते मात्र कुणी बोललं न्हाई.

तालमीतले तुझे वस्ताद अजून म्हणतात, तिला ऊन लागलं. ऊन काय एकट्या तुलाच लागलं? खालच्या वजनगटात बसायला वजन उतरवायचं म्हणून तू आदल्या दिवसापासून पाणी सोडलं होतंस. अंगात दोन स्वेटर, वर रेनकोट, आणि तालमीच्या तापल्या पत्र्याखाली पळत होतीस. मी डबा घेऊन आले तर तू चूळ भरलीस अन् थुंकून टाकलीस.

"आई, उद्या वजन झालं की तांब्याभर पिते," म्हणालीस.

मला हसू आलं. वाटलं, पैलवानांचं असंच असत असंल. त्याच दिवशी तू मॅटवर पडलीस. अंग भाजत होतं अन् घामाचा थेंब न्हवता. जालन्याला पोचायच्या आतच तू गेलीस.

एरवी दवाखान्यात सुई टोचायला आले तरी भांडायचीस तू. वस्तादांपुढं एकदा तरी तोंड का उघडलं न्हाईस गं?

काल वजनकाट्याजवळ आष्टीची एक पोरगी भिंतीला टेकून बसली होती. आफरीन नाव. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. मी पाण्याचा ग्लास पुढं केला.

"नको काकू, वजन व्हायचंय अजून."

"एक घोट तरी घे."

"घोट पण काट्यावर दिसतो." मंग तुझ्या फोटोकडं बघून म्हणाली, "ही तुमची ना? अम्मी म्हणते, हिच्यासारखी हो."

तो ग्लास घेऊन मी तशीच वस्तादांकडं गेले. म्हणलं, ह्या पोरींकडं बघा जरा.

"वहिनी, सगळीकडं हेच चालतं," ते म्हणाले. "आपण न्हाई उतरवलं तर समोरचे उतरवून येतात."

वाईट माणूस न्हाई गं तो. तू गेलीस तेव्हा लेकरागत रडला होता. थोडे दिवस तालमीत माठ पण भरून ठेवायचा. मंग तो माठ कुठं गेला, कुणास ठाऊक.

आफरीनचं वजन बराबर भरलं. ती जिंकली पण. गदा माझ्या हातून द्यायची होती. तिनं दोन्ही हात पुढं केले, तर पेटके येऊन बोटं वळलेली, मूठच होईना. मी खालून गदा धरून ठेवली. लोक टाळ्या वाजवत होते. फोटोवाला म्हणाला, "काकू, जरा हसा."

घरी आल्यावर मी आप्पांना म्हणाले, पुढच्या वर्षी तिच्या नावानं हे नको.

"तेवढंच राह्यलंय तिचं," ते म्हणाले. "ते पण काढून घेतीस का?"

मी नको म्हणलं तरी कुस्त्या व्हायच्याच, हे मला कळतंय. दुसऱ्या कुणाचं नाव लावतील. पोरी अशाच सुकून येतील. त्यातली एखादी तुझ्यागत... न्हाई लिहीत. कोण ऐकतंय माझं?

पण उद्या मी वस्तादांकडं जाणार अन् मंडपातला तुझा फोटो परत घेऊन येणार. आप्पा बोलणं सोडतील, सोडू दे. इथून पुढं तुझ्याकडं बघून कुणाची लेक पाणी नको म्हणणार न्हाई. एवढा शब्द देते तुला. ह्याच्यापरीस जास्त माझ्या हातात काहीच न्हाई.

तुझी,
आई