माझ्या हृदयासाठी कुणाची वाट पाहू नये

मंगळवार, १२ सप्टेंबर २००६, दुपारी सव्वाबारा वाजता मी बर्फाच्या पेटीला लाथ मारली. तिथून माझं सगळं फिरलं.

मी, प्रसेनजीत धोंडीराम कांबळे, वय २४, मूळ हातकणंगले, सध्या कोल्हापूर, शिक्षण बी.एस्सी. अर्धवट, काम लेथवर, हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहितो. डोकं तापट आहे, पण ठिकाणावर आहे.

१. त्या पहाटे माझा थोरला भाऊ धम्मपाल गेला. हृदय फुगण्याचा आजार. वडीलही त्यातच गेले. आपलं हृदय संशोधनाला द्यावं अशी सही धम्मपालनं करून ठेवली होती. आमच्या गल्लीतली निशा तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेत शिकत होती. ती डॉक्टरांना आणि हृदय न्यायची बर्फाची पेटी घेऊन धावत आली. तिनं आधीच समजावलं होतं : जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात, पण आजारात कुठली बोलतात आणि कुठली गप्प होतात, हे हृदय ताजं असेपर्यंतच वाचता येतं.

मी दारात आडवा. "हुबळीची आक्का आल्याबिगर मयताला हात लावायचा न्हाय."

"प्रसेन, तोवर काही उरणार नाही रे. धम्मादादाचाच शब्द आहे."

"माझा भाऊ काय तुझं प्रॅक्टिकल हाय व्हय?"

आणि लाथ. सांडलेला कोरडा बर्फ उघड्या हातानं गोळा करताना निशाची बोटं भाजली. आक्का, म्हणजे आमची आत्या, पाचला आल्या, तोंड बघून रडल्या. हृदय वाया गेलं. मी कॉलेजात परत गेलो नाही. तिथल्या फळ्यावर पेशी काढलेल्या असायच्या.

२. आता माझंही हृदय फुगलंय. ते निशाच्या प्रयोगशाळेला द्यावं. नुसत्या मृत्युपत्रावर भागत नाही असं वकील म्हणाले, म्हणून संमतीपत्र जोडलंय. माझा श्वास थांबला की आधी पुण्याला फोन, मग नातेवाइकांना. आक्का, राग मानू नका. तोंड संध्याकाळीही बघता येतं.

३. माझी बहीण सोनम, तिची लेक संघमित्रा चार वर्षांची. जिना चढताना धापा टाकते. हे तिच्यासाठी. आज पुण्यात माझ्या कातडीचा तुकडा घेणार आहेत. त्याच्या मूळपेशी करून त्यातून हृदयाच्या पेशी वाढवायचा प्रयत्न आहे. त्या ताडून बघायला पुढं खरं हृदय लागेल. औषध निघेलच असं निशा म्हणत नाही. ती खोटं बोलत नाही.

४. मोटारसायकल सोनमला. माझे पाने आणि मोजमापाची हत्यारं माझ्या जोडीला काम करणाऱ्या आकारामला. लेथवर त्याचा हात माझ्याहून सरळ चालतो. पिराजीकाकांना काही नाही. त्या दिवशी "वाघ हायस!" म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. त्यांनी खाली सही करावी, एवढंच.

५. निशाचं लग्न ठरलंय. तिच्यावर माझा कसलाही हक्क नाही, कधी नव्हता. तिला मी काही बोललोच नाही. तो सांगलीचा इंजिनिअर मला आवडलेला नाही, एवढं मात्र लेखी असू द्या.

लिहून देणार : प्रसेनजीत धोंडीराम कांबळे
साक्षीदार : १) केरबा माने, लेथचे मालक २) पिराजी कांबळे, चुलते
कोल्हापूर, १५ जून २००९

सह्या झाल्या. केरबाशेठ म्हणाले, "सोबत येऊ काय रं?" नको म्हटलं. आई जेवून जा म्हणते. कागद तिच्या हातात देतो, पुण्याची गाडी गाठायला बाहेर पडतो, दार ओढून घेतो.