झोळीतला भोपळा

सोलापूर. मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके १८६०

टेंभुर्णीहून सकाळची मोटार धरली, दुपारी सात रस्त्याला उतरले. कमरेचा खुळखुळा झाला, पण नातीचं तोंड बघून बरं वाटलं. शकूला नववा सरत आलाय. तिला आई नाही, म्हणून बाळंतपणाला मी. पहिलटकरणीनं माहेरी यायचं असतं, पण नातजावई मानसिंगराव पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकलेले, त्यांनी धाडली नाही. माझा लेक कोंडीबा, म्हणजे शकूचा बाप, म्हणाला, आई, रोजचं लिहून ठेव, आलो की वाचीन. तर बाबा, वाच. चुका काढू नको.

घर ऐसपैस. पूर्वी सुताचं गोदाम होतं. खाली सगळी शहाबादी फरशी, तुळशीपुरती माती नाही. आणि मागच्या खोलीत शेती! पत्र्याचे हौद, त्यात पाणी, वर तारेची जाळी नि पेंढा. त्यातून बेलवांगी, म्हणजे टमाटे, काकड्या, दुधी भोपळ्याचे वेल छताला गेलेत. उन्हाच्या जागी विजेचे दिवे. शेण नाही, माती नाही, बाटल्यांतली कसलीशी मिठं पाण्यात कालवतात. मी म्हटलं, कोंडीबाला सांगते, नांगर मोड नि बादली घे. मानसिंगराव पोट धरून हसले. माणूस गोड आहे.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

जरा जास्तच गोड आहे. शकूनं याच बागेतलं खायचं अशी ताकीद. बाजारची भाजी नाल्याच्या पाण्यावरची, म्हणे. मी बेलवांगी चाखली. दिसायला कुंकू, जिभेला पाणी.

जाळी उचलून पाहिली. मुळं पांढरीफेक, म्हातारीनं केस मोकळे सोडावेत तशी. हात घातला तर बोटांभोवती आली. पाणी हललं असेल.

भोपळ्याला फुलं येतात नि गळतात. फळ धरत नाही. वद्य अष्टमीला कोणी मोठा साहेब बघायला यायचाय. फळ दिसलं तर मानसिंगरावांना विलायतेला धाडतील. बायको इथं दिवस भरून बसलीय आणि हा गडी भोपळ्याच्या कळीला फुंकर घालतोय.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

शकू सुटली. मुलगा. ठणठणीत! असा ओरडला की शेजारचा हातमागवाला हातातला धोटा टाकून दारात आला. सुईण म्हाळसाबाई म्हणाली, पणजीच्या तोंडावर गेलंय, आता गल्लीला झोप न्हाय.

पोरामागून पडलेली वार मडक्यात घातली, वर हळदकुंकू वाहिलं. आमच्यात वार उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. कुत्रं उकरतं, नाहीतर कोणी करणी करतं. बापानं घरातच पुरायची. मडकं मानसिंगरावांच्या हाती दिलं नि बजावलं, काही झालं तरी घराच्या आतच. बरं आजी, म्हणाले. शिकलेला असून ऐकतो, म्हणून मीच खूश.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी

पाचवी पुजली. पोर मलूल. शकूला दूध उतू चाललंय आणि हा तोंडच लावत नाही. म्हाळसाबाई म्हणाली, नजर हाय, दुसरं काय. मीठमोहऱ्या ओवाळल्या.

भोपळ्यानं एक फळ धरलं. मानसिंगरावांनी पेढे वाटले. मला वाटलं पोराचे. भोपळ्याचे निघाले.

मार्गशीर्ष वद्य तृतीया

भोपळा पोराएवढा झालाय. एवढ्याशा दिवसांत? आमच्या मळ्यातला शेणावर पोसलेला नाही होत. देठ तुटू नये म्हणून खाली झोळी बांधलीय, शकूच्या जुन्या लुगड्याची. पोराला झोळी अजून मी मागतेच आहे.

पोराचे हात काटक्या झाले. रडत नाही, नुसतं त्या खोलीकडे तोंड करून पडतं. कूस बदलली तरी मान तिकडेच.

आज सगळं घर पायानं चाचपलं. एक फरशी उखडलेली नाही. मग वार पुरली कुठं? मानसिंगरावांना विचारलं तर म्हणाले, आजी, तुमीच म्हणाला न्हवता का, घराच्या आतच. आणि हसले.

मार्गशीर्ष वद्य षष्ठी

मानसिंगराव कचेरीत गेले तशी खोलीत शिरले. भोपळ्याच्या हौदाची जाळी काढली. पाणी कोमट. मुळांचा गुंडा तळाशी, नारळाएवढा. मुळं बाजूला केली तर आत —

वार. सडली नाही. गुलाबी. ताजी. मुळं तिच्यात शिरलेली.

वारेला धरून ओढलं. पलीकडे पोर किंचाळलं. सोडलं, गप झालं. पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा तेच.

तोडवत नाही. ठेववत नाही.

मार्गशीर्ष वद्य सप्तमी

मानसिंगरावांना सांगितलं. म्हणाले, खत ते खत, आजी, तुमच्या काळच्या समजुती सोडा. उद्या साहेबापुढं भोपळा कापायचाय.

कापायचा! पाया पडले. माझ्या जन्मात जावयाच्या पाया पडले नव्हते. ते उलट शकूला म्हणाले, आजीचं वय झालं.

मार्गशीर्ष वद्य अष्टमी

पोराला घेऊन बागेत आले. आतून कडी घातली. पोर मांडीवर, डोळे पांढरे.

बूट वाजले. साहेब आला. मानसिंगराव दाराबाहेरून म्हणतात, आजी, कडी काढा, माझी अब्रू जाती. जाऊ दे की. शकू रडतीय. रड बाई.

पोरानं डोळे उघडले.

जाळीतून एक मूळ वर आलंय. पोराच्या तोंडाशी. मी झटकलं नाही. का नाही, कळत नाही —

चोखतंय. घटाघटा चोखतंय. गालावर रंग आला. झोळीकडे बघितलं — भोपळा आकसतोय. सुरकुतला. पोर भरतंय. सोड, आणखी सोड —

दार धडकतंय. बिजागरी निघाली. थांबा म्हणावं, थोडं राहिलंय, अर्धंच झालं —

आत आले. सुरी. वेल सुकायला लागला म्हणून ओरडतात. पोराकडे बघतसुद्धा न्हाईत. देठ धरला. मानसिंगराव, देठ नको, आधी मूळ — मूळ सुटू द्या — त्याच्या तोंडात अजून —