दाढ आणि मागचे दार

दि. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या एकुलत्या एक बंधूची खालची दाढ किडली आहे, हे तू जाणतेस. काल सायंकाळपासून त्याची कीर्तीही किडली. ते वृत्त तुझ्या कन्येकडून, छकुलीकडून, कळण्यापूर्वी माझ्याच हस्ताक्षरात कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच. फोन करण्याचे धैर्य झाले नाही.

काल कामावरून थेट, गणवेशातच, छकुलीच्या दातांच्या दवाखान्यात गेलो आणि तिच्या खुर्चीत विराजमान झालो. तिने गळ्यात कागदी लाळेरे बांधले व हिरडीत बधिरतेची सुई टोचण्याची अनुज्ञा मागितली. ती मी उदार अंतःकरणाने दिली. तदनंतर सुई दृग्गोचर झाली. पुढचा सर्व निर्णय माझ्या पायांनी परस्पर घेतला.

अग्निशमन दलात माझे काम एवढेच, की आग लागली असता न घाबरता, न धावता बाहेर कसे पडावे हे कचेऱ्या-कारखान्यांतील लोकांस शिकवावे. छकुलीच्या खोलीतून मागच्या गल्लीत उघडणारे दार मीच हट्टाने पाडायला लावले होते. त्या दाराचा आद्य उपयोग काल मी केला, घाबरून आणि धावत.

काचेपलीकडे रुग्ण बसले होते. अग्निशमन दलाचा अधिकारी पळताना पाहून कोण बसून राहील? सगळे पुढच्या दाराने रस्त्यावर आले. एका आजोबांनी तर भिंतीवरचे घड्याळही वाचवून आणले. गल्लीच्या तोंडाशी मला गाठून त्यांनी आग कुठे आहे, असे विचारले. मी गंभीर मुद्रेने सांगितले की दवाखान्याची पाहणी चालू आहे, अधिक काही सांगता येणार नाही. आणि लाळेरे खिशात कोंबून घरी आलो.

दाढ ठणकते आहे. ते न्याय्यच आहे. तुझ्या लोभाला या जन्मी तरी कीड न लागो.

तुझा,
भाऊ


दि. ९ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. घड्याळापाशी तर डोळ्यांतून पाणी आलं. मग छकुलीचा फोन आला आणि हसू जागच्या जागी विरलं.

लोक तिला विचारताहेत की तुमच्याकडे गॅस गळतो का, वायरिंग जळकं आहे का. वेळ घेतलेल्यांपैकी बरेच जण आलेच नाहीत. कर्जावर घेतलेल्या त्या खुर्चीशेजारी पोरगी दुपारभर एकटी बसते आणि वापरलीच नाहीत ती हत्यारं पुन्हा पुन्हा उकळते. हे तुला कळू द्यायचं नाही, मामाला वाईट वाटेल, असं तिने मला बजावलं होतं. मी सांगते आहे, कारण तुला वाईट वाटायलाच हवं.

तू भ्यालास याची लाज बाळगू नकोस. बाबाही भीत असत. दात दुखला की घरभर येरझाऱ्या घालत आणि राग आपल्यावर काढत. पण पाहणीची थाप मारलीस, तिची मात्र पोटभर लाज वाटू दे.

छकुली म्हणते, तुझ्यासारखे तिच्याकडे नेहमी येतात. त्यांच्यासाठी उपाय आहेत. एक म्हणजे नाकावर मास्क लावून हुंगायचा वायू. माणूस जागा राहतो, पण भीती दूर सरकते, आणि मास्क काढल्यावर थोड्याच वेळात डोकं ताळ्यावर येतं. दुसरी गोळी, आधी घ्यायची. तिने पेंग येते, म्हणून घरी न्यायला सोबत कुणीतरी लागतं. तिसरं शिरेतून औषध. त्याला भूलतज्ज्ञ बोलवावा लागतो आणि पुढचं फारसं आठवत नाही. हे तिने आधीच सांगितलं असतं, पण तू तर तिच्यासमोर छाती काढून बसला होतास.

मऊ खा, दुसऱ्या बाजूने चाव, आणि हे निस्तर. निस्तरलंस की पूर्वीइतकीच माया करीन.

ताई


दि. १२ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
अ. उ. आ. (आशीर्वादाचा अधिकार उरला असल्यास)

तुझ्या आईचे पत्र पावले. मी तुझ्या उपजीविकेला आग लावली, आणि तीही आग नसताना. यावर क्षमा हा शब्द फार हलका आहे.

उपायांपैकी मी वायूचा स्वीकार करतो. गोळीने पेंगेन, शिरेतल्या औषधाने विसरेन. मला विसरायचे नाही. आणि काचेपलीकडच्या लोकांनी मला जागा पाहायला हवे. शनिवारी गर्दीच्या वेळी, गणवेशातच येईन. खुर्चीत बसण्यापूर्वी त्यांना खरे काय ते सांगेन.

एकच प्रार्थना. मागच्या दाराला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव. माझ्या पायांवर माझा विश्वास नाही.

तुझा लज्जित
मामा


दि. १४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

या. वायूची तयारी ठेवते. तब्येतीविषयी दोन-चार प्रश्न आधी विचारेन, तेवढ्यांची उत्तरं खरी द्या.

कुलूप मात्र घालणार नाही. बाहेरचा रस्ता कधीही बंद ठेवायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. दार पाडताना गवंड्याशी भांडलात ते मी विसरले नाही. उलट त्या दिवशी मी ते सताड उघडं ठेवीन. नकोसं झालं तर डावा हात वर करा, मी तिथेच थांबेन. मग वाटलं तर जा. फक्त मला सांगून जा.

त्या दिवशी मला लोकांचं एवढं लागलं नाही, मामा. तुम्ही न सांगता गेलात, ते लागलं.

तुमची,
छकुली


दि. १७ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

दाढ गेली.

दवाखान्यात मोजकी माणसे होती. त्यांच्यासमोर उभे राहून, आयुष्यात प्रथमच एकही अलंकार न वापरता, सांगितले की आग नव्हती, गळती नव्हती, पाहणी नव्हती. सुई पाहून मी पळालो. कुणी हसले नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरे. मग घड्याळवाले आजोबा म्हणाले की त्या दिवशी पळायला निमित्त मिळाले म्हणून ते स्वतः फार सुखावले होते, आणि मला देणार तो वायू त्यांनाही मिळेल का. घड्याळ त्यांनी परत आणले होते.

वायूने भीती गेली नाही, ताई. ती खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. मधेच सुई आली तेव्हा माझा डावा हात वर गेला. छकुली थांबली. दाराकडे तर तिने पाहिलेही नाही. ते सताड उघडे होते. गल्लीतली हवा पायांना लागत होती. मी बराच वेळ त्या दाराकडे पाहत राहिलो. मग हात खाली घेतला.

निघताना पुढच्या दाराने, सगळ्यांमधून, न धावता बाहेर पडलो. गळ्यातले लाळेरे काढायचे राहिले, ते घरी आल्यावर तुझ्या भावजयीने काढले.

गाल सुजला आहे, म्हणून इथेच थांबतो. छकुलीला सांगूनच निघालो होतो.

तुझा,
भाऊ