माझ्या हातची गाठ

आबा, तुम्ही गेल्यावर दुकानातला पडदा मी काढून टाकला, हे आधी सांगते. तुमच्या बाकड्यामागे तारेवर अडकवलेला तो निळ्या फुलांचा. कापड विरलं होतं, पण म्हणून नाही काढला. आता पौडच्या रस्त्यावरून कुणीही आत डोकावलं तर पहिली मी दिसते. नाकावर चष्मा, पुढ्यात कुणाची तरी उघडी गिटार, हातात सोल्डरिंग गन. आठवडाभर हिंजवडीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार दुकान उघडते. पाटीवर अजून मोटर रिवाइंडिंगच आहे. कुणी पंप घेऊन आलं तर त्याला पिरंगुटचा रस्ता दाखवते. तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. तरीही सांगते आहे.

तुमच्या वेळी असली गिटार आपल्या दुकानात कधी आली नाही, म्हणून तुमच्या कामाच्या भाषेत सांगते. विजेच्या गिटारीत तारांच्या खाली कॉइल असते. मोटरमधली कॉइल फिरवते, ही ऐकते. चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तार गुंडाळलेली. वरची पोलादी तार थरथरली की हिच्यात वीज उठते, आणि तिचाच पुढे आवाज होतो. पण एकटी कॉइल ट्यूबलाइटची, पंख्याची, ट्रान्सफॉर्मरची गुणगुणसुद्धा ऐकते. त्यावर उपाय म्हणून दोन कॉइली शेजारी शेजारी बसवतात, एकीचे वेढे आणि चुंबक दुसरीच्या उलट. मग गुणगुण दोघींत मिळून जिरते आणि तारेचा सूर मात्र दोघींचा एकत्र येतो. या जोडीला हम्बकर म्हणतात; एकटी असो की जोडी, त्या अख्ख्या डबीचं नाव पिकअप, आणि एका गिटारीत असे दोन-तीन पिकअप असतात. दोघी एकीपुढे एक जोडल्या की आवाज जाड, भरदार. समांतर जोडल्या की मोकळा, उजळ. एकीला गप्प केलं की पातळ आणि धारदार, पण मग थोडी गुणगुणही परत येते. कधी कुठला आवाज हवा ते वाजवणाऱ्याने ठरवावं, म्हणून मी आवाजाच्या बटणाखाली एक लहानसा स्विच बसवून देते. तुम्ही म्हणाला असतात, गुणगुण म्हंजी दोष, आन् दोष कुनी हौसेनं बसवून देतं का? मी देते, आबा. गुणगुण पार मारून टाकली की कधीकधी धारही तिच्याबरोबर जाते. हे मी वाचून नाही, कानाने शिकले.

गाठीचं मात्र तुमच्याकडूनच शिकले. मोटरच्या कॉइली खाचांत बसवून झाल्या की बाहेर राहिलेली टोकं सुती दोऱ्याने आवळून बांधायची आणि मग व्हार्निश. ज्या त्या कारागिराची शेवटची गाठ निराळी. काही वर्षांनी पंप परत आला की तुम्ही झाकण काढायचात, गाठ बघायचात आणि क्षणात सांगायचात, ह्यो आपला, ह्यो न्हाई. जुन्या गिऱ्हाइकांनाही तुमची गाठ ओळखू यायची. माझं बी. एस्सी. झालं, स्थळं बघणं चालू होतं, आणि मी दुपारभर पडद्यामागे बसून तुमच्या मोटरी बांधत होते. पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलंत, "गाठ माझीच मारायची. पोरीचा हात लागला म्हनून जळाली, म्हनतील." गिऱ्हाईक गेलं की पडदा सारून आत यायचात, माझं काम अंगठ्याने चाचपायचात आणि म्हणायचात, "झ्याक." त्या एका शब्दावर माझा आठवडा जायचा. मग एकदा, का कोण जाणे, मी माझी स्वतःची गाठ मारली. साधीच, पण शेवटचा वेढा उलटा घेतलेली. तुम्ही बाहेर बोलत होतात. व्हार्निश वाळलं, मोटर गेली, आणि तुमच्या लक्षात आलं नाही.

ती मोटर परत आली तो दिवस अजून माझ्यासमोर आहे. ऐन उन्हाळा. रिहे गावचा एक शेतकरी मोटर बाकड्यावर आदळतो आणि म्हणतो, "मास्तर, ह्यो काय हात म्हनायचा तुमचा? तिकडं वांगी वाळाय लागली!" मी पडद्याच्या फटीतून बघते आहे. तुम्ही झाकण काढता. जळका वास माझ्यापर्यंत येतो. दोन फेजच्या कॉइली कोळसा झालेल्या आणि तिसरी जशी बसवली तशी, सोनेरी. यातलं कळणाऱ्याला एवढं बघून पुरे होतं: वाइंडिंगचा दोष नाही, खांबावरून येणाऱ्या तीन फेजपैकी एक गेली आणि मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहिली. तुम्ही आता हे सांगाल म्हणून मी फटीला कान लावते. तेवढ्यात तो खाली वाकतो. "आन् ही गाठ कुनाची? तुमची न्हाई अशी. कुनाचा हात लावला?" तुम्ही कात्री उचलता आणि दोरा कापून टाकता. "माझाच हात हाय. घाईत झालं. चुकलो." तो हसतो. "म्हातारपन आलं म्हना की, मास्तर." तुम्ही खाली बघून म्हणता, "व्हय. आलं."

तो गेल्यावर मी बाहेर आले. "आबा, एक फेज गेली व्हती. तुमाला दिसत व्हतं की."

"दिसत व्हतं."

"मग?"

"मग काय? त्यानं हात कुनाचा इचारलं. काय सांगू त्याला?"

"माझा म्हनून सांगायचं."

"मला ह्याच तालुक्यात त्वांड दाखवायचंय. आत जा. आन् पुन्यांदा सोताची गाठ मारायची न्हाई."

आबा, तुमची बाजू मी कित्येकदा मांडून पाहिली आहे. तुम्ही मला झाकलंत. माझं नाव बाजारात गेलं असतं, चार लोक चार गोष्टी बोलले असते, म्हणून शिव्या तुम्ही अंगावर घेतल्यात. वडिलांनी लेकीसाठी याहून जास्त काय करायचं? असं स्वतःला समजावते आणि काही काळ पटतंही. पण मग ती सोनेरी कॉइल आठवते. माझं काम चांगलं होतं, त्याचा पुरावा बाकड्यावर उघडा पडला होता, आणि तुम्ही खोटा दोष कबूल केलात, कारण खरं सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. चांगली मोटर तुमची, जळालेली मोटरही तुमची. मग माझं काय होतं? मला नुसतं "झ्याक" नको होतं. ती जळालेली मोटर मला हवी होती. त्या माणसाने मला तोंडावर विचारायला हवं होतं, आणि मी तोंडावर उत्तर द्यायला हवं होतं. पुढच्याच महिन्यात मी नोकरी धरली. शिकलेल्या पोरीने तेच करायचं असतं, असं तुम्ही लोकांना सांगितलंत. मी दुकान का सोडलं, ते मला कधी विचारलं नाहीत.

परवाच्या शनिवारी दुपारी एकजण आला. तिशीतला असेल. धरणाकडच्या रिसॉर्टवर शनिवारी संध्याकाळी गिटार वाजवतो. आदल्या आठवड्यात माणसाबरोबर गिटार पाठवली होती, मी वायरिंग करून दिलं होतं. माझी-त्याची भेट झाली नव्हती. दारातूनच म्हणाला, "मॅडम, सर आहेत का?"

"कोण सर?"

"वायरिंग करतात ते. दोन्ही पिकअप एकत्र लावले ना, की आवाज एकदम नाकातून येतो. पोकळ. आणि आज माझा शो आहे हो."

मला ऐकताक्षणी कळलं. दोन पिकअप दोन वेगळ्या कंपन्यांचे. प्रत्येक कंपनीच्या तारांचे रंग निराळे आणि मी रंगांवर विसंबले; एक पिकअप दुसऱ्याच्या उलट जोडला गेला. तुम्ही रंगावर कधीच विश्वास ठेवला नाहीत. सगळ्या टोकांवर एकच पिवळी नळी चढवायचात आणि सेल लावून, मीटरचा काटा कुठे झुकतो ते बघून सुरुवात-शेवट ओळखायचात.

"सर कुणी नाहीत," मी म्हणाले. "ते मी केलं आहे. चूक माझी आहे."

तो बिचारा ओशाळला. "नाही नाही, पिकअपच फॉल्टी असेल कदाचित. चायनाचा माल..."

"पिकअप चांगला आहे. मी तपासलं नाही. बसा."

तुमचा काट्याचा मीटर काढला. स्क्रूड्रायव्हर पिकअपला टेकवून झटकन उचलला. एकाचा काटा उजवीकडे गेला, दुसऱ्याचा डावीकडे. एकाच्या दोन तारांची अदलाबदल केली. त्याने तिथेच लहान अँप्लिफायर लावून वाजवून पाहिली. आवाज असा भरून आला की समोरचा चहावाला किटली घेऊन दारात उभा राहिला, "लई भारी, ताई" म्हणाला. गिटारवाला मात्र मान वाकडी करून विचार करत होता. "मॅडम, तो नाकातला पण मस्त होता तसा. एखाद्या स्विचवर ठेवता येईल?"

"येईल. पण आज चूक दुरुस्त होऊन जाऊ दे. हवी असली तर पुढच्या वेळी मागून घ्या."

मागचं झाकण लावण्याआधी आतल्या तारा दोऱ्याने एकत्र बांधल्या. शेवटचा वेढा उलटा. तुम्ही कापलीत तीच गाठ, आबा. आता प्रत्येक गिटारीत तीच मारते. वाजली तरी माझी, बिघडली तरी माझी.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही आणि कुणाला वाचून दाखवणार नाही. फक्त एक गोष्ट मघाशी गाळली, ती लिहायला हवी. "सर आहेत का" असं त्याने विचारलं, तेव्हा उत्तर देण्याआधी मी मागे वळून पाहिलं होतं. तिथे पडद्याची नुसती रिकामी तार होती. आणि तेवढ्या वेळापुरतं मला वाटलं होतं, की तुम्ही आतून बाहेर यावं आणि म्हणावं, माझाच हात हाय.