मुद्दाम दिलेला वजीर

औरंगाबाद

तीर्थरूप दादा,

हे मला बघायला आले, बुद्धिबळाचा पट मांडला, तेव्हा तुम्हीच कानाशी येऊन म्हणालात, "हर गं, पाहुण्यांचा मान राहू दे." डाव माझा होता, तरी मी वजीर मारू दिला. त्यानंतर पटाला हात लावला नाही. हे मात्र गावभर सांगतात, "माझ्याशी हरली, म्हणून सोडलं!"

आज तुमच्या नातीला, यमुनाला, बघायला आले. मुलानं पट मागवला. ह्यांनी मला आत बोलावलं. "पोरीला हरायला सांग."

मी म्हटलं, "माझ्या दादांनी मला सांगितलं होतं, तसं?"

ह्यांचा चेहराच उतरला.

बाहेर यमुना जिंकत होती. मी तिला काहीच सांगितलं नाही.

हे पत्र टाकणार नाही. तुमचा मान राहू दे.

तुमची न हरलेली,
भानुमती